पेलणारा बर्फ

जानेवारीत आपण टेबलावर नकाशा उघडला,
तेव्हा सहल आठ दिवसांची होती.
क्लचच्या दुरुस्तीने त्यातले दोन खाल्ले,
तुझ्या गुडघ्याच्या ऑपरेशनने तीन,
आणि आता हातात उरलंय ते
शुक्रवार दुपार ते रविवार संध्याकाळ,
तेही मार्यात्ताने माझी रात्रपाळी उचलली म्हणून.
मे महिन्यातल्या दोन रात्री मी तिला देणं लागते.

रोज रात्री नऊला मी कुसामोला फोन लावते.
हिल्याबाई, केबिनच्या मालकीण,
भाड्याचं बोलत नाहीत, सरपणाचं बोलत नाहीत.
आधी बर्फाचं सांगतात.
"उणे चार. सकाळी कुत्रा वरून चालत गेला,
मी मात्र ढोपरापर्यंत आत."
दुसऱ्या दिवशी, "उणे नऊ. मीपण वरून."
तिसऱ्या दिवशी त्यांचा जावईसुद्धा वरून गेला,
आणि जावई चांगला एकशे दहा किलोचा आहे.

एप्रिलच्या बर्फाचं असंच.
दिवसा ऊन त्याला हळवा करून टाकतं,
रात्री थंडी त्याला समज देते,
आणि पहाटेपासून अकरापर्यंत तो माणसाला पेलतो.
तेव्हा वाट लागत नाही. तळ्यावरून जा,
दलदलीवरून जा, कुंपणावरून जा,
जिकडे नाक तिकडे.
अकरानंतर ज्याचं त्याने बघावं.
ह्या पाच तासांसाठी आपण अडीचशे किलोमीटर जाणार,
आणि सिल्वीने त्या पाच तासांसाठी
अकरा संत्री मोजून ठेवली आहेत.

काल तळघरातून बूट वर आणले.
अंथरूण पाहून पाय पसरावेत, मान्य,
पण ओत्सोचे पाय कुणाला विचारून पसरलेले नाहीत.
गेल्या वर्षीचे बूट टाचेपाशीच अडले.
ते सिल्वीला, पुढे कापूस भरून.
ओत्सोला माझे.
मी खाली बसून अंगठ्याने टोक दाबून पाहिलं,
दुकानात दाबायचे तसं,
तर आत बोट थेट टेकलेलं.
"घट्ट आहेत," तो म्हणाला,
माझी माफी मागितल्यासारखं.

मग उरले तुझे.

तू खुर्चीत होतास, पाय स्टुलावर.
काही बोलला नाहीस.
वाकता येत नाही म्हणून काठीच्या मुठीने ते जवळ ओढलेस,
नाड्या सैल केल्यास, जीभ बाहेर काढलीस,
आत हात घालून एक जुनं बर्चचं पान काढलंस,
आणि बूट त्याच्यापुढे ठेवलेस,
उजवा उजवीकडे, डावा डावीकडे,
तो अजून पाच वर्षांचाच असल्यासारखे.
"दोन मोजे घाल," म्हणालास.
एकच पुरला.

मग आपण तिसऱ्यांदा यादी केली.
तुझ्या नावापुढे मी पेन धरून थांबले.
"सौना तापवायला कुणीतरी मागे लागतंच," म्हणालास.
मी लिहिलं, सौना.
"आणि कॉफी."
तेही लिहिलं.
"आणि अकरा वाजले की अंगणातून हाका मारायला."
ह्यावर सिल्वी हसली,
मी यादीची घडी घातली, पुन्हा उघडली, पुन्हा घातली.

आज नऊ वाजता हिल्याबाई म्हणाल्या,
"शून्य. ढग आलेत. कुत्रा पायरीवरून परत फिरला."
जरा थांबून म्हणाल्या, "पण या. चादरी धुतल्यात."

मुलं झोपली तसं मी स्वयंपाकघरात मेण लावायला बसले.
जुनी इस्त्री, खाली वर्तमानपत्र,
घरभर तोच वास, दर वर्षीचा.
चार जोड्या काढल्या होत्या सवयीने.
चौथीलाही लावलं.

दोन वाजता जाग आली, तर तुझी बाजू रिकामी.
तू खिडकीशी उभा होतास, काठीविना,
बॅटरीने बाहेरचा तापमापक वाचत.
"काय आहे?"
तू बोट वर केलंस, की ऐक.
पन्हळीतून एक थेंब पडला.
पुढचा यायला वेळ लागला.